डिजिक्यूब बुडाली तेव्हा गाणी कुठे गेली?

२६ नोव्हेंबर २००३ रोजी डिजिक्यूब या जपानी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. बातमी व्हिडिओ गेम वितरणाच्या धंद्याची होती आणि बहुतेकांनी ती तशीच वाचली. पण स्क्वेअर या जपानी गेम कंपनीच्या बहुतेक गेमचं संगीत जवळपास सात वर्षं याच कंपनीच्या लेबलवर निघत होतं. ‘फायनल फँटसी’चे ७ ते १० हे भाग, ‘झेनोगिअर्स’, ‘क्रोनो क्रॉस’, ‘सागा फ्रंटियर’, ‘व्हेग्रंट स्टोरी’ या सगळ्यांच्या सीड्यांचा पुरवठा एका फटक्यात आटला. संगीताला मागणी होती, संगीतकार हयात होते, कामात होते. तुटली होती ती फक्त मधली कडी.

त्यानंतर कोणती सीडी परत आली, किती महिन्यांनी आणि कुणाच्या हातून, याचा माग काढला की रेकॉर्ड कंपनी नेमकं काय करते आणि तिच्या हाती प्रत्यक्षात काय असतं, ते स्वच्छ दिसतं.

सुरुवात मात्र संगीतापासून झाली नव्हती. १९९५ पर्यंत स्क्वेअरचे गेम निन्टेन्डोच्या कार्ट्रिजवर निघत आणि त्यांचं संगीत एनटीटी पब्लिशिंग या प्रकाशन कंपनीकडून सीडीवर येई. ‘फायनल फँटसी ६’चा तीन सीड्यांचा संच मार्च १९९४ चा, ‘क्रोनो ट्रिगर’चा तेवढाच संच मार्च १९९५ चा. १९९६ च्या सुरुवातीला स्क्वेअरने सोनीच्या प्लेस्टेशनकडे मोर्चा वळवला आणि त्याच फेब्रुवारीत डिजिक्यूब स्थापन केली. तिला नेमून दिलेलं काम होतं गेम कोंबिनीतून विकण्याचं. कोंबिनी म्हणजे चोवीस तास उघडी राहणारी, गल्लोगल्लीची साखळी दुकानं : सेव्हन-इलेव्हन, लॉसन, फॅमिलीमार्ट.

हे आधी का जमलं नसतं? कार्ट्रिजमध्ये चिप असते. तिची मागणी काही महिने आधी नोंदवावी लागे आणि अंदाज चुकला की न खपलेला माल व्यापाऱ्याच्या गळ्यात पडे. सीडी-रॉम स्वस्त आणि लवकर छापून मिळणारी. आधी थोडी मागवा, खपली की पुन्हा मागवा, असा व्यवहार शक्य झाला. कोंबिनीची सगळी घडीच या तत्त्वावर बसलेली असते. शंभरेक चौरस मीटरची जागा, सुमारे तीन हजार प्रकारच्या वस्तू, दिवसातून अनेकदा येणारा मालाचा ट्रक आणि गल्ल्यावरच्या यंत्रातून कळणारा प्रत्येक वस्तूचा खप. कोठार नावाला. अशा दुकानात गेमची पाच खोकी ठेवणं परवडतं, पन्नास नाही. ३१ जानेवारी १९९७ ला ‘फायनल फँटसी ७’ आला, तेव्हा लोकांनी दूध-भाताच्या दुकानातच त्याची आगाऊ नोंदणी केलेली होती.

आता संगीताकडे. जपानमध्ये पुस्तकं, वर्तमानपत्रं आणि संगीताच्या सीड्या यांना ठरीव विक्री किमतीची कायदेशीर मुभा आहे. प्रकाशकाने छापलेली किंमत दुकानदाराला पाळावी लागते. गेमला ही मुभा नाही. प्लेस्टेशनच्या गेमची किंमत दुकानांवर बांधून ठेवण्यावरून तिथल्या स्पर्धा आयोगाने खुद्द सोनीच्या गेम कंपनीविरुद्ध निर्णय दिला होता. म्हणजे गेमच्या खोक्यावर दुकानांची सूट देण्याची चढाओढ चालणार, पण त्याच गेमची सीडी आणि मार्गदर्शक पुस्तक छापील किमतीलाच जाणार. डिजिक्यूबने नेमक्या या दोन्ही गोष्टी काढल्या : साउंडट्रॅक आणि ‘अल्टिमानिया’ ही जाडजूड गेम-पुस्तकं. जो ट्रक गेम पोचवतो, तोच या दोन वस्तूही पोचवणार. वितरक कंपनी रेकॉर्ड कंपनी होते ती अशी, आणि आमच्या मते हा तिचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता.

‘फायनल फँटसी ७’चा साउंडट्रॅक १० फेब्रुवारी १९९७ ला बाजारात आला, गेमनंतर अवघ्या दहा दिवसांनी. क्रमांक एसएससीएक्स-१०००४. चार सीड्या, ८५ ट्रॅक, संगीतकार नोबुओ उएमात्सु.

चार सीड्यांचं गणित

असा संच तयार कसा होतो, हे ज्यांनी फक्त चित्रपटांचे साउंडट्रॅक पाहिलेत त्यांना पटकन ध्यानात येत नाही. प्लेस्टेशनच्या ध्वनी-चिपला एका वेळी २४ आवाज काढता येतात आणि तिच्याकडे स्वतःची ५१२ केबी स्मृती असते. आवाजाचे नमुने तिथे दाबून ठेवलेले असतात, दर १६ बाइटमध्ये २८ नमुने. सगळी स्मृती एकाच आवाजाने भरली, तर ४४.१ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने धरून, जेमतेम २१ सेकंदांचा मोनो ध्वनी मावतो. त्यातलीही काही जागा तलवारीच्या खणखणाटाला आणि मेनूच्या टिकटिकीला जाते. म्हणून ‘फायनल फँटसी ७’मधलं बहुतेक संगीत ध्वनिमुद्रित नाही. वाद्यांचे छोटे छोटे तुकडे आणि ‘कोणता सूर, कधी, किती जोरात’ याची यादी, एवढंच डिस्कवर असतं. वाजवण्याचं काम यंत्र तिथल्या तिथे करतं. गेमची डिस्क सतत नकाशे, लढाया आणि चित्रं आणण्यात गुंतलेली असते, संगीत अखंड वाचत बसायला तिला फुरसत नाही. हाच मार्ग धरणं भाग होतं.

मग साउंडट्रॅकसाठी गाणं ‘बाहेर काढावं’ लागतं. परिणामध्वनी बंद करून यंत्राला एकेक रचना वाजवायला लावायची आणि मुद्रित करायची. खरी अडचण इथे सुरू होते, कारण गेममधल्या रचनेला शेवट नसतो. ती फिरून फिरून सुरू होते. जपानी साउंडट्रॅकमध्ये रूढ पद्धत आहे दोन फेऱ्या आणि मग हळूहळू विरणं. फेरी १ मिनिट ४० सेकंदांची असेल, तर दोन फेऱ्या आणि १० सेकंदांचं विरणं मिळून साडेतीन मिनिटं. एकच फेरी घेतली तर ऐकणाऱ्याला सांधा ऐकू येत नाही आणि गेममधली ती रचना ‘वळते’ कशी, हे हरवतं. तीन घेतल्या तर सीडी भरते. विरणं सुरू करण्याची जागाही विचार करून निवडावी लागते. तिसऱ्या फेरीचं पहिलं वाक्य कानावर पडेपर्यंत आवाज टिकला पाहिजे, नाहीतर गाणं मध्येच कापल्यासारखं वाटतं.

सीडीची तेव्हाची सुरक्षित मर्यादा ७४ मिनिटांची. चार सीड्या म्हणजे २९६ मिनिटं. ८५ ट्रॅकना भागा : सरासरी साडेतीन मिनिटांच्या आत. दोन फेऱ्यांची पद्धत आणि चार सीड्यांचा संच एकमेकांत असे चपखल बसतात. ‘फायनल फँटसी ८’चे ७४ ट्रॅक चार सीड्यांवर ऐसपैस बसले. ‘फायनल फँटसी ९’ला मात्र ताण पडला. ११० ट्रॅक, सरासरी सुमारे २ मिनिटं ४० सेकंद, आणि तरीही बरंच संगीत बाहेर राहिलं, विशेषतः मधल्या चित्रफितींचं. त्यासाठी त्याच वर्षी, २००० मध्ये, ४२ ट्रॅकची वेगळी पुरवणी सीडी काढावी लागली. मूळ संच घेऊन ‘सगळं मिळालं’ असं समजणारे आजही फसतात. ‘९’चं संगीत पूर्ण हवं असेल तर ‘प्लस’ अशी नोंद असलेली ती पाचवी सीडी वेगळी शोधावी लागते.

मास्टर, म्हणजे छपाईसाठीचं अंतिम मूळ मुद्रण, तयार झाल्यावर पुढचा टप्पा कारखान्याचा : काचेची मूळ तबकडी, तिच्यावरून निकेलचे साचे, साच्यांवरून छपाई. साचा झिजतो आणि बदलावा लागतो, पण मास्टर शाबूत असेल तर नवा साचा कधीही निघतो. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो. कारखान्यातले साचे आणि गोदामातल्या सीड्या गेल्या म्हणजे संगीत गेलं असं नाही. मास्टर हरवला किंवा त्याच्यावर कुणाचा हक्क आहे हे अडकून पडलं, तरच ते जातं.

कडी का तुटली

डिजिक्यूबचं बळ आणि दुखणं एकच होतं : वितरणाचं जाळं. ट्रक, संगणक, करार, माणसं यांचा खर्च दर महिन्याला ठरलेला. उत्पन्न मात्र मोठा गेम आला की उसळणारं. ‘फायनल फँटसी’चा मुख्य भाग दर महिन्याला येत नाही. ७ आला १९९७ मध्ये, ८ आला १९९९ मध्ये, ९ आणि १० अनुक्रमे २००० आणि २००१ मध्ये. मधल्या महिन्यांत इतरांचे गेम विकून जाळं पोसायचं, तर तिथे गेमच्या खास दुकानांची सूट आणि जुना गेम परत घेण्याची सोय आड येई. कोंबिनी यातलं काहीच देत नाही, ती देते फक्त जवळीक आणि वेळ. शिवाय मोजकी फळी अडवून बसलेला, न खपणारा गेम कोंबिनीच्या मालकाला कधीच परवडत नाही. तिथे भाताच्या गोळ्यांचा खप त्याहून भरवशाचा. विक्री घटत गेली आणि जाळ्याचा खर्च तसाच राहिला.

रेकॉर्ड लेबल एकट्याने चाललं असतं का? आमचं मत : छोट्या आकारात, हो. गेम-संगीताची सीडी वर्षानुवर्षं थोडी थोडी खपते आणि ठरीव किमतीमुळे तिचं मूल्य घसरत नाही. पण लेबलला स्वतंत्र हिशेब, स्वतंत्र वितरण, स्वतंत्र कंपनी असं काहीच नव्हतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. कर्ज झालं ट्रकच्या धंद्याचं आणि बंद झाली गाणी.

एप्रिल २००३ मध्ये स्क्वेअर आणि एनिक्स ही दुसरी गेम कंपनी एकत्र आल्या होत्या. त्यामुळे नोव्हेंबरात डिजिक्यूब कोसळली, तेव्हा तिच्यामागे उभी होती ती स्क्वेअर एनिक्स. तिने वितरण कंपनी वाचवली नाही. पुस्तकं आणि संगीत स्वतःकडे घेतलं.

चार वाटा

इथून पुढचा भाग या प्रकरणाचा गाभा. एकाच वर्तुळातलं, बहुतांशी दोनच संगीतकारांचं संगीत वेगवेगळ्या हातांत होतं आणि प्रत्येक हाताचं नशीब वेगळं निघालं.

पहिली वाट सरळ होती. ‘फायनल फँटसी’ ७, ८, ९ आणि १० यांचे संच स्क्वेअर एनिक्सने स्वतःच्या लेबलवर १० मे २००४ ला पुन्हा काढले. साडेपाच महिन्यांची खंडित अवस्था, बस्स. ट्रॅकची संख्या तीच, संगीत तेच, फक्त क्रमांकाच्या सुरुवातीची अक्षरं एसएससीएक्सऐवजी एसक्यूईएक्स झाली. गेमचा मालक आणि पुन्हा छापणारा एकच असल्यामुळे कुणाच्या दारात जाऊन परवानगी मागण्याचा प्रश्न उरला नव्हता.

सगळ्यांना ही घाई लाभली नाही. ‘झेनोगिअर्स’चा ४४ ट्रॅकचा साउंडट्रॅक, त्याच संगीताची ‘क्रीड’ ही नव्याने बांधलेली आवृत्ती आणि ‘क्रोनो क्रॉस’चा तीन सीड्यांचा ६७ ट्रॅकचा संच परत यायला जून २००५ उजाडला. तिन्हींचे संगीतकार यासुनोरी मित्सुदा. हक्कांचा पेच असण्याचं इथे कारण नव्हतं. प्रकाशकाने आधी जास्त खपणारं छापलं आणि कमी खपणारं रांगेत उभं केलं, असाच याचा अर्थ लागतो. दीड वर्षाची ही पोकळी नकली मालाने आणि जुन्या बाजाराने भरून काढली.

दुसरी वाट सर्वांत बोलकी आहे. ‘झेनोसागा’चा पहिला भाग स्क्वेअरचा नव्हताच. तो मोनोलिथ सॉफ्टने बनवला आणि नामकोने २००२ मध्ये प्रकाशित केला. संगीत मित्सुदांचं, त्यातला बराच भाग लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाने वाजवलेला. साउंडट्रॅक मात्र डिजिक्यूबने काढला होता. डिजिक्यूब गेल्यावर स्क्वेअर एनिक्सला ही सीडी छापण्यात रस असण्याचं कारण नव्हतं, कारण गेम तिचा नव्हता. ती सीडी २००४ मध्ये परत आली ती मित्सुदांच्या स्वतःच्या ‘स्ले बेल्स’ या लेबलवर. संगीतकाराकडे स्वतःचं छोटं का होईना पण लेबल असणं म्हणजे काय, हे एवढ्यावरून कळावं. ज्या संगीतकाराकडे अशी सोय नाही आणि ज्याच्या गेमचा मालक उदासीन आहे, त्याची सीडी अशा प्रसंगी तशीच पडून राहते.

तिसरी वाट एनटीटी पब्लिशिंगची. ‘फायनल फँटसी’ ६ पर्यंतचे संच तिच्याकडे होते आणि तिला काहीच झालं नव्हतं. ऑक्टोबर २००४ मध्ये तिने १ ते ६ या भागांचे संच पुन्हा काढले. म्हणजे मालिकेचा जुना अर्धा भाग नव्या अर्ध्यापेक्षा सुरक्षित निघाला, तो केवळ जुन्या प्रकाशकाचे पाय अनेक धंद्यांत रोवलेले होते म्हणून.

चौथी वाट फक्त एका गाण्याची. ‘फायनल फँटसी ८’मधलं फेय वाँगचं ‘आइज ऑन मी’ हे गीत सिंगल म्हणून तोशिबा ईएमआयने फेब्रुवारी १९९९ मध्ये काढलं होतं. डिजिक्यूबच्या संचात ते होतंच, पण गायिकेची सिंगल वेगळ्या कंपनीची. डिजिक्यूबच्या पडझडीची झळ त्या सिंगलपर्यंत पोचली नाही. गेममधल्या गीतासाठी नावाजलेली गायिका आणली की तिची रेकॉर्ड कंपनीही सोबत येते. साउंडट्रॅकमध्ये ते गीत घ्यायला वेगळी परवानगी लागते आणि पुनर्मुद्रणाच्या वेळी ती पुन्हा तपासावी लागते. गेमचे साउंडट्रॅक रखडतात तेव्हा बऱ्याचदा गाडी या एका ट्रॅकपाशी अडलेली असते.

हातात आलेली सीडी कोणती?

जुन्या बाजारात डिजिक्यूबने काढलेल्या, स्क्वेअरच्या गेमच्या संचांच्या तीन जाती फिरतात : डिजिक्यूबची मूळ छपाई, स्क्वेअर एनिक्सचं पुनर्मुद्रण आणि नकली. पहिल्या दोहोंत ऐकण्याच्या दृष्टीने निवड करण्याचं कारण नाही. जास्त पैसे मूळ छपाईच्या वेष्टणाला आणि दुर्मिळतेला द्यावे लागतात, संगीताला नाही. फक्त ऐकायचं असेल तर पुनर्मुद्रण घ्यावं.

नकली ओळखण्यासाठी आधी क्रमांक पाहा. एसएससीएक्स किंवा एसक्यूईएक्स सोडून भलतीच अक्षरं असली, तर ती बहुधा पूर्व आशियातली विनापरवाना छपाई असते. नव्वदच्या दशकात आणि नंतरही अशा सीड्यांचा पूर होता आणि अमेरिकेतल्या कित्येक चाहत्यांनी त्या खऱ्या समजून घेतल्या. अक्षरं बरोबर असली तरी थांबू नका. सीडी उलटी करून आतल्या कड्यावर कोरलेला क्रमांक वाचा, तो कव्हरवरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. पुस्तिकेतलं बारीक जपानी अक्षर भिंगाखाली स्वच्छ दिसतं का ते पाहा. छापील प्रत स्कॅन करून पुन्हा छापली, की अक्षरांच्या कडा फुगतात आणि चित्रांवर जाळी उमटते. खऱ्या जपानी सीडीवर प्रकाशनाची तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने बारीक छापलेली असते आणि बारकोड ४५ किंवा ४९ ने सुरू होतो. बाजूची कागदी पट्टी, जिला ओबी म्हणतात, नसली म्हणून सीडी नकली ठरत नाही. पहिल्या मालकाने ती फेकलेली असू शकते. किंमत मात्र उतरते.

आणखी एक. चार सीड्यांच्या जाड डब्यातले, सीडी पकडणारे दाते फार नाजूक असतात. टपालात डबा आपटला की ते तुटतात आणि सुटी झालेली सीडी आतच घासत राहते. जपानहून मागवताना विकणाऱ्याला सीड्या डब्याबाहेर, वेगळ्या पाकिटांत घालायला सांगावं. जाड डबा नंतर बदलता येतो, ओरखडा नाही.

गेम-संगीत काढू पाहणाऱ्या छोट्या लेबलांसाठी या प्रकरणातून करारात उतरणाऱ्या गोष्टी ठोस आहेत. मास्टरची एक प्रत गेमच्या मालकाकडे आणि एक संगीतकाराकडे असावी, फक्त लेबलच्या कपाटात नको. लेबलने ठरलेल्या काळात, समजा एका वर्षात, पुन्हा छापलं नाही किंवा लेबल बंद पडलं, तर छपाईचा हक्क आपोआप परत जाईल असं कलम असावं. ‘आपोआप’ हा शब्द गाळू नये, कारण दिवाळखोरीत सही करायला जबाबदार माणूस सापडत नाही आणि सापडला तरी तो पैसे येणं असलेल्या धनकोंच्या बाजूने विचार करतो. पुस्तिकेतली चित्रं आणि मजकूर यांचा हक्क वेगळा लिहावा. संगीत परत मिळालं पण मुखपृष्ठ नाही, अशी पुनर्मुद्रणं या धंद्यात नवी नाहीत. आणि बाहेरच्या गायिकेच्या गीताची परवानगी ‘या आवृत्तीपुरती’ न घेता ‘पुढील सर्व आवृत्त्यांसाठी’ घ्यावी.

२०१९ मध्ये ‘फायनल फँटसी’चे साउंडट्रॅक संगीत-प्रवाहाच्या (स्ट्रीमिंग) सेवांवर आले. आता पुण्या-मुंबईतल्या माणसालाही ‘७’चे ते ८५ ट्रॅक फोनवर ऐकता येतात. तिथे ना ७४ मिनिटांची मर्यादा, ना चार सीड्यांचा हिशेब. तरीही बहुतेक रचना दोन फेऱ्या करतात आणि तिसरी सुरू होता होता विरतात, फेब्रुवारी १९९७ मध्ये विरल्या होत्या तशाच.